शाब्दिक उदाहरणांची भीती घालवताना

शाब्दिक उदाहरण दिलं की चौथीतली मुलं लगेच विचारतात, "बाई, बेरीज की वजाबाकी?" उत्तर देऊ नका. आकडे हाताने झाका आणि गोष्ट सांगायला लावा: कोणाकडे काय आहे, विचारलंय काय?

'सीमाकडे 15 बोरं आहेत, राजूपेक्षा 6 ने जास्त. राजूकडे किती?' 'जास्त' दिसलं की मुलं 21 लिहून मोकळी होतात. म्हणून 'जास्त म्हणजे बेरीज' ही युक्ती शिकवूच नका, तिनेच घात होतो. चिंचोके द्या. सीमाची रांग लांब, राजूची 6 ने आखूड. 9 समोरच दिसतात.

फार बुजणाऱ्या मुलाला उदाहरण रचायला द्या, त्याच्या घरच्या दुधाच्या हिशोबाचं. ते फळ्यावर लिहा आणि बाकीच्यांची उत्तरं त्यालाच तपासू द्या.