पेशंट "काहीच जाणवत नाही" म्हणाला की इंटेन्सिटी वाढवायच्या आधी काय बघायचं

इलेक्ट्रोथेरपीच्या, म्हणजे पॅड लावून करंट देण्याच्या उपचाराच्या, पोस्टिंगला नव्याने लागलेल्यांसाठी हे लिहितेय. कॉन्ट्राइंडिकेशनची, म्हणजे करंट कधी द्यायचा नाही याची, यादी तुम्हाला पाठ असते, व्हायवात धडाधड सांगता पण, पण ओपीडीत खरी परीक्षा होते ती पेशंट "काही जाणवत नाहीये, वाढवा अजून" म्हणतो तेव्हा. मागे तीन पेशंट थांबलेले असतात, आपला हात आपोआप नॉबकडे जातो. तो हात तिथेच थांबवायचा. इतक्या वर्षांत स्टिम्युलेशनमुळे त्वचा भाजल्याच्या ज्या केसेस मी जवळून बघितल्या त्यातल्या बहुतेकांची सुरुवात ह्याच वाक्यापासून झालेली होती.

न जाणवण्याची कारणं बरीच असतात आणि त्यातल्या फार थोड्यांवर करंट वाढवणं हा उपाय आहे. लीड आतून तुटलेली असू शकते, वरून छान दिसते पण पिनपाशी वाकवली की करंट येतो-जातो. अशा लीडवर तुम्ही वाढवत गेलात आणि मधेच कॉन्टॅक्ट जुळला तर पेशंटला एकदम जोरात झटका बसतो. चिकटपट्टीचे पॅड वाळलेले असतात, कडेने उचललेले असतात. कार्बन रबरचा पॅड जुना होऊन काही जागीच करंट सोडतो. स्पंज नीट ओला नसतो. नाहीतर सगळं ठीक असतं आणि पेशंटच्या त्या भागाला संवेदनाच कमी असते, आणि हे सगळ्यात वाईट, कारण मग तो चटका बसला तरी ओरडणार नाही.

पॅड उचलला गेला तर नेमकं काय होतं ते समजून घ्या म्हणजे परत विसरणार नाही. समजा 5 बाय 5 सेंटिमीटरचा पॅड आहे, म्हणजे 25 चौरस सेंटिमीटर. अर्धा सुटला तर साडेबारा उरले. मशीन कॉन्स्टंट करंट प्रकारचं असेल तर ते तेवढाच करंट त्या उरलेल्या अर्ध्यातून ढकलत राहतं, म्हणजे करंट डेन्सिटी (त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरमधून जाणारा करंट) थेट दुप्पट. कॉन्स्टंट व्होल्टेज मशीनचं उलट, पॅड सुटला की करंट कमी होतो, पेशंट म्हणतो कमी झालं, तुम्ही वाढवता, आणि मग कोणीतरी पॅड हाताने दाबून बसवतं की एकदम झटका. म्हणून आपल्या डिपार्टमेंटचं मशीन कुठल्या प्रकारचं आहे हे पहिल्याच दिवशी सीनियरला विचारून घ्या. मशीन कुठलंही असो, पॅडला हात लावायचा तर आधी इंटेन्सिटी शून्यावर, मग पॅड नीट करायचा, मग परत पहिल्यापासून हळूहळू वर. मधून चालू करू नका, कितीही घाई असली तरी.

आता दुसरी गोष्ट, सुरुवातीला जाणवत होतं आणि पाच मिनिटांनी जाणवेनासं झालं, तर ते बऱ्याचदा अकोमोडेशन असतं, नसांना सवय होते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. टेन्स किंवा आयएफटी (दुखणं कमी करायला देतात ते दोन करंट) असेल तर फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन किंवा स्वीप लावा, म्हणजे फ्रिक्वेन्सी सतत बदलती राहते, नाहीतर पॅड आणि त्वचा बघून थोडीशीच वाढवा. पण सुरुवातीपासूनच जाणवत नसेल तर तो वेगळा मामला आहे, तिथे वर सांगितलेली तपासणी केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

संवेदना तपासणं हे काम फक्त केस पेपरवर टिक करायचं नसतं. पेशंटला डोळे मिटायला सांगा, आधी चांगल्या बाजूला टोकदार आणि बोथट म्हणजे काय ते दाखवा, मग ज्या जागी पॅड लागणार त्याच जागी उलटसुलट क्रमाने विचारा. मधुमेह खूप वर्षांचा असेल, नस दबलेली असेल, लकवा झालेला असेल तर हे दोनदा करा. "काका, टोचतंय का नुसतं लागतंय?" एवढं साधं विचारलं तरी पुरतं. आणि उत्तर पटकन "हो हो" येत असेल तर न टोचताच एकदा विचारून बघा, बरेच जण आपल्याला बरं वाटावं म्हणूनच हो म्हणतात. ज्यांना नीट सांगता येत नाही, गोंधळलेले आजी-आजोबा किंवा अगदी लहान मुलं, त्यांना या मशीनवर एकटं सोडायचं नाही, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच वेळा दुसरी ट्रीटमेंटच निवडावी.

प्रश्न विचारतानाही शब्द पेशंटचे वापरा. "हार्टचा काही प्रॉब्लेम?" असं विचारलं तर गोळी चालू आहे म्हणून हो म्हणतील नाहीतर आता बरं आहे म्हणून नाही म्हणतील. "छातीत कातडीखाली मशीन बसवलंय का?" असं विचारा, पेसमेकर, आयसीडी (ठोके बिघडले तर आतून झटका देणारं यंत्र) दोन्ही त्यात येतात. मेंदूत किंवा मणक्यात बसवलेला स्टिम्युलेटर असेल तर तोही याच प्रश्नाला धरून विचारा. प्रेग्नन्सीचं नवरा, सासू बाहेर असताना विचारा. प्रेग्नन्सी असेल तर पोट, कंबर, ओटीपोटावर करंट द्यायचा नाही. कॅन्सरचा इतिहास असेल तर त्या जागेवर नाही. पोटरी एकाच बाजूची सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखणारी असेल, त्यातून नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल तर मसल स्टिम्युलेटर बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना कळवा, आत गुठळी असेल तर स्नायू आकुंचन पावल्यावर ती सुटू शकते. मानेच्या पुढच्या बाजूला कधीच पॅड नको, कॅरॉटिड सायनस (मानेतल्या मोठ्या धमनीतला बीपी ओळखणारा भाग) तिथे आहे, बीपी आणि ठोके एकदम खाली येऊ शकतात, घशाचे स्नायूही आवळू शकतात. छातीतून आरपार करंट जाईल असे पॅड लावायचे नाहीत, आयएफटीचे चार पॅड लावताना तर करंटचा रस्ता बोटाने दाखवून बघा.

मेटल इम्प्लांटला मात्र नवीन मुलं फार घाबरतात. गुडघ्यात सांधा बदललेला आहे म्हणून टेन्स किंवा आयएफटी लगेच बाद होत नाही, हे करंट दोन्ही दिशांनी जातात. बाद होतो तो गॅल्व्हॅनिक, म्हणजे एकाच दिशेचा करंट, आणि शॉर्टवेव्ह, म्हणजे रेडिओ लहरींनी खोल शेक देणारं मशीन. यादी पाठ करताना प्रत्येक करंटचं कारण वेगळं ठेवा, नाहीतर जिथे गरज आहे तिथे आपण ट्रीटमेंटच नाकारतो.

गॅल्व्हॅनिक आणि आयन्टोफोरेसिसमध्ये (त्याच करंटने औषध त्वचेतून आत ढकलणं) केमिकल बर्नची भीती असते. कॅथोडखाली (निगेटिव्ह पॅड) अल्कली तयार होते, अॅनोडखाली (पॉझिटिव्ह) अॅसिड, आणि अल्कलीची इजा जास्त खोल जाते म्हणून कॅथोडखालची त्वचा जास्त जपा. धातूची प्लेट ओल्या पॅडपेक्षा लहान हवी, तिची कड कुठेही त्वचेला लागता कामा नये. पॅड सगळीकडे सारखा ओला आणि सुरकुती नसलेला. भिजवायला डिस्टिल्ड वॉटर घेऊ नका, त्यातून करंट नीट जात नाही. त्वचेवर ओरखडा असेल तर तिथे पॅड नाही. केस जास्त असतील तर कात्रीने कमी करा, ताज्या दाढीनंतर बारीक बारीक जखमा असतात आणि करंट नेमका तिथेच जमा होतो.

खोलीतलं थोडक्यात. शॉर्टवेव्ह चालू असेल तर स्टिम्युलेटर त्याच्यापासून किमान 3 मीटर लांब, नाहीतर आउटपुट अचानक वरखाली होतं. वायर पेशंटच्या अंगावरून लोंबकळत नको, अर्थिंग असलेलाच सॉकेट, पेशंटने मशीनला हात लावायचा नाही पण बेल त्याच्या हातात हवी. आणि पहिल्यांदा वापरताय ते मशीन आधी स्वतःच्या हातावर लावून बघा, पेशंटला "मुंग्या येतील, भाजणार नाही, टोचणार नाही, भाजल्यासारखं वाटलं की लगेच सांगा" हे सांगायचे शब्द त्यातूनच सापडतात.

संपल्यावर इंटेन्सिटी शून्य, मग मशीन बंद, मग पॅड काढा, आणि त्वचा उजेडात बघा. हलकी गुलाबी झाली असेल तर बहुधा थोड्या वेळात जाते. ठिपक्यासारखी लाल, पांढरी, फोड आलेली किंवा झोंबणारी जागा असेल तर ती नॉर्मल समजू नका, सरांना-मॅडमना त्याच वेळी दाखवा आणि केस पेपरवर पॅडची जागा, कुठला करंट, किती इंटेन्सिटी, किती मिनिटं आणि त्वचा कशी होती ते लिहा. उद्या त्याच पेशंटला दुसरा कोणी इंटर्न घेणार आहे, त्याला हे वाचूनच सुरुवात करायची आहे.