आरमधला मॅट्रिक्सचा गुणाकार का रेंगाळत होता

कोथरूडच्या खोलीवर उबंटूत (लिनक्सची एक आवृत्ती) आर ही आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा वापरतो. ५००० बाय ५००० च्या दोन मॅट्रिक्सचा गुणाकार लावला की चहा उकळून गाळून व्हायचा, तरी उत्तर नाही. प्रोसेसरचे ८ कोअर असून एकच राबत होता. सेशनइन्फो ही आरच्या सेटअपची माहिती दाखवणारी कमांड चालवली तेव्हा कळलं, आर साध्या रेफरन्स ब्लासला, म्हणजे मॅट्रिक्सची गणितं करणाऱ्या मूळ लायब्ररीला जोडलेलं आहे. ते अचूक आहे, पण वेगासाठी लिहिलेलंच नाही.

ओपनब्लास ही ब्लासची वेगवान आवृत्ती हवी म्हणून लिबओपनब्लास-डेव्ह हे पॅकेज टाकलं, कुठली लायब्ररी वापरायची ते ठरवणाऱ्या अपडेट-अल्टरनेटिव्ह्जमध्ये ब्लास आणि लापॅक (समीकरणं वगैरे सोडवणारी, ब्लासवर चालणारी लायब्ररी) दोन्ही तपासले. लापॅकची निवड वेगळी असते, ती हमखास राहून जाते. आर पुन्हा कंपाइल करावं लागलं नाही, बंद करून उघडलं. तोच गुणाकार काही सेकंदांत!

पुढे आरच्या पॅरलल पॅकेजने एकाच वेळी ४ प्रोसेस सोडल्या तर मशीन परत गुदमरलं. ओपनब्लासमुळे प्रत्येक प्रोसेस स्वतःचे ८ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) उघडत होती. आर सुरू करण्याआधी ओपनब्लास_नम_थ्रेड्स हे थ्रेडची संख्या ठरवणारं सेटिंग १ केलं, तेव्हा सुटलं.