वर्गात टीव्ही आणण्याआधी आणि आणल्यानंतर

झाकून ठेवलेला प्रोजेक्टर, कपाटात फुगलेले टॅब, भिंतीवर ओढणी टाकलेला टीव्ही. जिल्हा परिषदेच्या शाळांत हे दृश्य नवं नाही. वस्तू घ्यायला लोक पैसे देतात. ती तिसऱ्या वर्षीही चालावी म्हणून पैसे कुणी मागत नाही, म्हणून ते मिळतही नाहीत. शिक्षकाला मदत करू इच्छिणाऱ्या केंद्रप्रमुखांनी, तंत्रस्नेही शिक्षकांनी, शाळा व्यवस्थापन समितीने आणि गावाच्या माजी विद्यार्थ्यांनी सुरुवात दुकानापासून करू नये, वर्गापासून करावी.

वर्ग मोजा

पहिला प्रश्न, खोलीत किती इयत्ता बसतात? द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन इयत्ता असतील, तर मोठा पडदा अर्ध्या मुलांचं लक्ष विनाकारण खेचतो. बाई दुसरीला वजाबाकी शिकवत असताना पहिलीची मुलं टीव्हीकडे बघत बसतात. अशा ठिकाणी पाच-सहा टॅब आणि तितकेच हेडफोन जास्त कामाचे. एक गट टॅबवर सराव करतो, दुसरा गुरुजींसमोर बसतो. एका खोलीत एकच इयत्ता असेल, तरच टीव्ही किंवा प्रोजेक्टरचा विचार करा.

टीव्ही किती इंची, हे दुकानदाराला विचारू नका, टेप घ्या. साधा नियम असा की शेवटचं मूल चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब बसू नये. ४३ इंची टीव्हीच्या चित्राची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर असते, म्हणजे तो साधारण साडेदहा फुटांपर्यंतच वाचता येतो. ५५ इंचीला साडेतेरा फूट, ६५ इंचीला सोळा फूट. वीस फुटी खोलीत ४३ इंची टीव्ही टांगला, तर मागच्या मुलांना चित्र दिसतं, अक्षरं दिसत नाहीत, आणि गोंधळ मागूनच सुरू होतो. मुलं सतरंजीवर बसत असतील तर मात्र लहान टीव्हीही चालतो, कारण त्यांना पुढे सरकवता येतं.

टांगताना दोन चुका हमखास होतात. टीव्ही फळ्याच्या वर छताजवळ लावतात. खाली बसलेल्या मुलाची मान पाच मिनिटांत दुखते. खालची कड जमिनीपासून साडेतीन फुटांवर पुरे. दुसरी चूक म्हणजे फळा काढून त्या जागी टीव्ही लावणं. फळ्याला हात लावू नका. वीज गेली की तोच आहे. टीव्ही फळ्याच्या बाजूला हवा, खिडकीच्या समोर नको.

प्रोजेक्टर घ्यायचा तर खोक्यावरच्या जाहिरातीतला 'लुमेन' आकडा बघू नका, 'एएनएसआय लुमेन', म्हणजे ठरलेल्या मानकाने मोजलेला प्रकाश, किती ते विचारा. खिडक्या उघड्या ठेवून शिकवायचं असेल तर ३,००० च्या खाली जाऊ नये. स्वस्त एलईडी प्रोजेक्टरवर मोठमोठे आकडे छापलेले असतात आणि दिवसा भिंतीवर काहीच उमटत नाही. साधा प्रोजेक्टर दोन मीटर रुंद चित्रासाठी सुमारे तीन मीटर मागे लागतो, मग शिकवणाऱ्याची सावली पडद्यावर पडते. शॉर्ट थ्रो प्रकारचा एक मीटरवरून तेवढंच चित्र देतो, पण महाग पडतो. शिवाय धूळ. जाळी दर महिन्याला ब्रशने साफ केली नाही तर यंत्र तापतं आणि तास चालू असताना स्वतःहून बंद होतं. टीव्ही परवडत असेल तर ग्रामीण शाळेने टीव्हीच घ्यावा.

विजेचं गणित

इथे बहुतेक योजना अडकतात. ६५ इंची टीव्हीचे १५० वॅट, लॅपटॉपचे ४५, स्पीकरचे २० धरले, तर एकूण भार २१५ वॅट. १२ व्होल्ट, १५० अ‍ॅम्पिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरावी, म्हणजे ९००. इन्व्हर्टरमधली घट वजा केली की हाती ७३० च्या आसपास उरतात. म्हणजे सव्वातीन तासांहून थोडं जास्त. शाळेला ते पुरतं, पण पंखे त्याच इन्व्हर्टरवर जोडले नाहीत तरच. उन्हाळ्यात कुणीतरी पंखे जोडतोच, तेव्हा इन्व्हर्टरची लाइन वेगळी काढून घ्या.

वीजबिलाची भीती थोडी फसवी आहे. रोज दोन तास, वर्षाचे २०० दिवस धरले तर २१५ वॅटला ८६ युनिट लागतात. तेवढी वीज शाळेला बुडवत नाही. बुडवते ती थकबाकी आणि चुकीचा दर-वर्ग. महावितरणच्या बिलावर दर-वर्ग काय छापलाय ते पाहा. सरकारी शाळेला सार्वजनिक सेवा (शासकीय) हा वर्ग लागू असतो. तिथे व्यावसायिक लिहिलं असेल तर बिलाची प्रत आणि मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन उपविभागात अर्ज द्या. हे काम टीव्ही येण्याआधी करायचं.

वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर आधी अर्थिंगचा खड्डा दुरुस्त करा. वळवाच्या दिवसांत आभाळ भरून आलं की कडकडाट सुरू होण्याआधीच आवरा; बटण बंद करून भागत नाही, पिन काढावी लागते. डिश अँटेनाची केबलही काढा, वीज तिकडूनही आत येते.

पैसा कुठून

आधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असतात, तेव्हा ठराव खरोखर बैठक घेऊन करा. ज्या आया बैठकीला बसल्या, त्याच पुढे वर्गणीच्या पावत्या फाडायला मदत करतात. ठरावात वस्तू, तिचा उपयोग, अंदाजे खर्च, सूचक-अनुमोदक आणि 'पुढील तीन वर्षांच्या देखभालीची जबाबदारी' हे शब्द हवेत.

जमणाऱ्या १०० रुपयांची वाटणी आम्ही अशी सुचवतो: ६० वस्तूसाठी, २० वायरिंग, अर्थिंग आणि बॅटरीसाठी, ५ जाळी-कुलूप-स्टँडसाठी, १५ तीन वर्षांच्या खर्चासाठी. देणगीदाराला हे १५ रुपये पटवणं सगळ्यात कठीण जातं, कारण त्यावर नावाची पाटी लागत नाही. तरी मागा. नाही मिळाले तर एक आकार लहान टीव्ही घ्या आणि मुलांना पुढे सरकवा, पण ते १५ सोडू नका.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. खडू, रंगरंगोटी, दुरुस्ती, सगळं त्यातच बसवायचं असतं, म्हणून टीव्हीसाठी त्याच्यावर विसंबू नका. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर, तुटलेली केबल अशा बारीक गोष्टी मात्र त्यातून निघतात.

ग्रामपंचायतीचा रस्ता सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात कमी वापरलेला. वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाशी न बांधलेल्या) निधीतून गावाच्या गरजेची कामं घेता येतात. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत १७ व्या क्रमांकावर प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसह शिक्षण आहेच. पण काम गावाच्या विकास आराखड्यात असावं लागतं. पुढच्या वर्षाचा आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून हलायला लागतो. म्हणून समितीचा ठराव आणि दरपत्रकं सप्टेंबरातच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) पोचवा, आणि ग्रामसभेत विषय पालकांकडून मांडून घ्या. जानेवारीत गेलात तर 'पुढच्या आराखड्यात बघू' हेच उत्तर मिळतं, आणि ते खोटंही नसतं. पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी गावांत ५ टक्के अबंध निधीचा मार्ग वेगळा आहे, तिथे ग्रामसभेशी बोला.

जवळ एमआयडीसी असेल तर सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा निधी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटी निव्वळ मालमत्ता, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा, यांपैकी एक निकष लागू होणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करावा लागतो. समितीच्या खात्यात पैसे मागितले की कंपनी कचरते, कारण तिच्या वतीने काम करणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी लागते. त्याऐवजी वस्तूच मागा: कंपनीने स्वतः खरेदी करून शाळेच्या नावे द्यावी. अर्ज दोन पानांच्या वर नको. त्यात यूडायसचा, म्हणजे शाळेच्या सरकारी नोंदीचा, अकरा अंकी क्रमांक, पट, वीज असल्याचा पुरावा म्हणून ताजं बिल, खोलीचे फोटो आणि समितीचा ठराव. 'शाळा डिजिटल करण्यासाठी मदत व्हावी' या वाक्याने काहीच कळत नाही. असं लिहा: 'तिसरी-चौथीच्या ४२ मुलांना स्वतःच्या वहीतलं गणित सगळ्या वर्गासमोर तपासता यावं, यासाठी एक ५५ इंची टीव्ही, एक वेबकॅम आणि इन्व्हर्टर.' वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर वर्ग उभा राहतो.

लोकवर्गणी मागायला वेळ साधावी लागते. कोकणातल्या गावांची मुंबईत ग्रामस्थ मंडळं असतात. गणपतीला आणि शिमग्याला मंडळी गावी येतात, तेव्हा मागणी शाळेतच मांडा, फोनवर नको. देशावर गावची जत्रा. प्रत्येक रुपयाची पावती, रक्कम समितीच्या वर्गणीसाठीच्या वेगळ्या खात्यात, आणि जमा-खर्चाचा कागद शाळेच्या दर्शनी भिंतीवर. अनुदानाचे आणि वर्गणीचे पैसे एका खात्यात मिसळले की लेखापरीक्षणात मुख्याध्यापकांच्याच गळ्याशी येतं.

खरेदीत किमान तीन दरपत्रकं घ्या, आणि सरकारी पैसा असेल तर जेमची (सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजाराची) अट गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून आधी विचारून घ्या. बिल कुणा शिक्षकाच्या नावावर नको, 'मुख्याध्यापक, जि. प. प्राथमिक शाळा' असंच हवं. घरगुती टीव्हीची हमी शाळेत लागू होते का, हे दुकानदाराकडून लिहून घ्या. बऱ्याच कंपन्या घराबाहेरचा वापर हमीतून वगळतात.

शिक्षकाचा हात बसणं

टीव्ही न लावणारा शिक्षक यंत्राला घाबरतो, असं समजू नका. चाळीस मुलांसमोर यंत्र चाललं नाही तर आपली फजिती होईल, याची ती धास्ती असते. ती सभागृहातल्या प्रशिक्षणाने जात नाही. दोनशे जणांच्या कार्यशाळेत पाहिलेलं दुसऱ्या सोमवारपर्यंत विसरतं. त्याऐवजी शाळा सुटल्यावर, त्यांच्याच वर्गात, त्यांच्याच फोनवर, पाऊण तासाची चार सत्रं ठेवा. पहिल्या सत्रात फक्त चालू-बंद, आवाज आणि 'चित्र आलं नाही तर काय'. मुद्दाम केबल सैल करा, इनपुट बदला आणि त्यांनाच दुरुस्त करू द्या. हे चारदा केलं की धास्ती निम्मी होते.

घड्याळ लावून मोजा: वर्गात पाऊल टाकल्यापासून चित्र दिसेपर्यंत किती वेळ? दोन मिनिटांवर गेला तर वापर हळूहळू थांबणार. उपाय साधे आहेत. केबल कायम जोडलेली, रिमोट दोरीला बांधलेला, लॅपटॉप ऐवजी टीव्हीलाच पेनड्राइव्ह.

पहिला उपयोग व्हिडिओचा नको. वेबकॅम एका वाकत्या स्टँडवर बसवून खाली मुलाची वही ठेवा. हातच्याची बेरीज कुठे चुकली ते सगळ्यांना दिसतं, आणि 'माझी वही दाखवा' म्हणून रांग लागते. तयारी काहीच लागत नाही, म्हणून हाच उपयोग टिकतो. फोन वापरायचा तर एक अडचण लक्षात ठेवा: फोनच्या टाइप-सी पोर्टमधून टीव्हीच्या एचडीएमआयला जोडणारा अडॅप्टर बहुतेक स्वस्त फोनांवर चालत नाही, कारण त्या पोर्टमधून चित्र बाहेरच पडत नाही. विकत घेण्याआधी त्या शिक्षकांच्याच फोनवर लावून बघा. टीव्हीवर मिराकास्ट ही बिनतारी जोडणीची सोय असेल आणि फोनही त्याला साथ देत असेल, तर इंटरनेटशिवाय फोनची स्क्रीन दिसते.

साहित्यासाठी पैसे मोजायची घाई नको. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत, पुस्तकातल्या क्यूआर कोडचं साहित्य दीक्षा अ‍ॅपवर आहे. रेंज असलेल्या ठिकाणी उतरवून घ्या, शाळेत बिननेटचं चालतं. यूट्यूब वर्गात थेट लावू नका. मधेच कोणती जाहिरात येईल सांगता येत नाही. जुनी सादरीकरणं श्रीलिपी किंवा कृतिदेव फाँटमध्ये असतील तर दुसऱ्या संगणकावर खिचडी दिसते. ती एकदाच युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि पत्र्याच्या छताच्या वर्गात जुलैत टीव्हीचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून स्पीकरचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

बदली होते तेव्हा

जे शिक्षक सगळं सांभाळतात, त्यांचीच बदली होते, आणि नव्या वर्षी टीव्ही कुणाच्या तरी खासगी जीमेलवर अडकलेला असतो. टॅबचं तर आणखी वाईट. फॅक्टरी रीसेट केलं की जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो आणि पुढे सरकत नाही. म्हणून पहिल्या दिवशी शाळेच्या नावाने स्वतंत्र ईमेल उघडा, शक्य तर यूडायस क्रमांक त्यात घाला, आणि खात्याला शाळेसाठीच घेतलेला मोबाइल क्रमांक जोडा. सिम मुख्याध्यापकांच्या चार्जात.

वस्तू आली त्याच दिवशी डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद: अनुक्रमांक, किंमत, कुणाकडून, हमी कधीपर्यंत. नोंद नसेल तर चोरीची तक्रार देताना वस्तू शाळेची होती हे सिद्ध करणं कठीण जातं. मेच्या सुट्टीत टॅब पूर्ण चार्ज करून ठेवू नका, निम्म्यावर ठेवा, नाहीतर बॅटऱ्या फुगतात. इन्व्हर्टरची बॅटरी उलट पूर्ण भरून ठेवायची, आणि गावातल्या कुणीतरी महिन्यातून एकदा चार्जिंगला लावायची. जूनमध्ये शाळा उघडताना आधी उंदरांनी केबल कुरतडली का ते पाहा, मग बटण दाबा.

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा: दुकानाचा दुरुस्ती क्रमांक, वायरमनचा क्रमांक, हमी संपण्याची तारीख, बॅटरीत पाणी कधी घातलं. पासवर्ड तिथे लिहू नका. तो बंद पाकिटात, समितीच्या अध्यक्षांची सही घेऊन, मुख्याध्यापकांच्या चार्ज देण्या-घेण्याच्या फाइलला लावा.