पलीकडच्या काठावर गिटार : आधी पेटी गाठा

कोयनेच्या शिवसागराच्या पलीकडच्या काठावर मी वर्षभर स्वयंसेवक म्हणून मुलांना शिकवते. साताऱ्याहून कास ओलांडून बामणोली, तिथून लाँच. आषाढात पाऊस आणि वारा वाढला की लाँच बंद, वीज नाही, मोबाईल मेलेला. गिटार लावायची ॲप इथं कामाची नाही.

गावात भजनी मंडळाची पेटी असतेच. बुवांना विचारून संध्याकाळी तिच्याशेजारी बसा. पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या प्रत्येक सप्तकात दोन काळ्यांच्या जोडीच्या डावीकडच्या पांढरीपासून मोजायच्या. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेपासून पहिलीपर्यंत पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात, तीन. हे पाठच करा. आता सप्तक नीट धरा : पहिली तार मध्य सप्तकातल्या पांढरी तीनला, दुसरी, तिसरी आणि चौथी मंद्रात. पाचवी त्याच्याही खाली; तिच्या पाचव्या पडद्यावर मोकळ्या चौथीचा सूर यायला हवा. सहावीच्या पाचव्या पडद्यावर मोकळ्या पाचवीचा. मी पहिल्याच आठवड्यात पहिली तार तार सप्तकाला न्यायला गेले, तुटली. नवी यायला पंधरा दिवस लागले. मिरजेची मी, तंबोऱ्याच्या खुंट्या पिळताना बघत वाढले, तरी घाई केली.

बोटं दुखतात, ते महिनाभर चालतं. रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण रोज. आधी ई मायनर ही कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे सूर, दोनच बोटं. मग जी, डी, सी. टाळाच्या आठ मात्रांवर एक कॉर्ड, आणि बदल बरोबर समेवर. मुलांना टाळ धरायला लावा, लय आपोआप पक्की होते.

बुवा काळी एकमध्ये गात असतील तर पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून सी धरा. काळी दोनला डी, काळी चारला जी, कॅपो तिथंच. पण अभंगावर भरगच्च कॉर्ड मला जड वाटते. काळी एकला मी कॅपोपासून मोजून पाचव्या तारेचा तिसरा पडदा आणि मोकळी तिसरी तार एवढंच छेडते, सा आणि प. बुवांचा आवाज त्यावर मोकळा राहतो.

दमट हवेत पोलादी तारा गंजतात. वाजवून झालं की सुती फडक्यानं पुसा, आणि गिटार भिंतीला टेकवू नका, भिंती ओल धरतात. नायलॉनच्या तारांची गिटार मिळाली तर इथं ती बरी, बोटांनाही. मात्र तिच्यावर पोलादी तारा कधीही चढवू नका, ताणानं पूल, म्हणजे तारा बांधलेली खालची पट्टी, उखडतो. पोलादी असेल तर पावसाळ्याआधी दोन संच आणा, आणि पहिली तार चार जास्तीच्या.