दीड लाख किलोमीटर पळालेली आलिशान गाडी घ्यावी का?

जुनी आलिशान गाडी स्वस्तात मिळते, पण तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. ते नव्या गाडीच्याच भावाने घ्यावे लागतात. म्हणून किलोमीटरच्या आकड्यापेक्षा सर्व्हिसच्या नोंदी बघा. दीड लाख किलोमीटर पळालेली, पण वेळच्या वेळी इंजिन आणि गिअरबॉक्सचं ऑइल बदललेली गाडी मी डोळे झाकून नाही, पण निदान उघडे ठेवून तरी घेईन. साठ हजार किलोमीटरच पळालेली, पण सर्व्हिसचे कागद नसलेली नको.

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, इंजिन सुरू करून ठेवू नका. थंड इंजिनच खरं बोलतं: सुरू होताना खडखड, निळसर धूर, सगळं तेव्हाच कळतं. एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या, असेल तर रात्रभर उभ्या गाडीचा एखादा कोपरा खाली बसलाय का, हे लांबून वाकून पाहा. बसला असेल तर हवा गळतेय, आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसरही दमलेला असू शकतो.

आकडा कमी पण ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत? मीटरवर विश्वास ठेवू नका. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून एरर कोड, म्हणजे बिघाडांच्या नोंदी, वाचून घ्या. नुकतेच पुसलेले असतील तर तेही बऱ्याचदा समजतं.