लहान बोटीवर मरीन रेडिओ: सेट कोणताही घ्या, केबलचं टोक सांभाळा

नाशकात समुद्र नाही, तरी जून-जुलैत माझ्या दारात एखाद-दुसरी बोट ट्रेलरवर उभी असतेच. मालक इथले, बोट दिवाळीनंतर डहाणूला नाहीतर मांडव्याला उतरणार. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, समुद्रही खवळलेला असतो, म्हणून रेडिओचं काम याच दिवसांत काढावं. हात निवांत असतात.

आधी एक नकार देऊन टाकतो. तुमची बोट फक्त गंगापूर धरणाच्या पाण्यात फिरत असेल तर मरीन व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा हा रेडिओ, घेऊ नका. तिथे चॅनल १६, म्हणजे संकटाच्या हाकेचा चॅनल, ऐकत कोणी बसलेलं नाही. लाइफ जॅकेट घाला, मोबाइल वॉटरप्रूफ पाऊचमध्ये टाका, झालं. पुढचं सगळं खाऱ्या पाण्यात जाणाऱ्यांसाठी आहे.

सेट

बोटीवर बॅटरी असेल तर पक्का बसवायचा २५ वॉटचा सेट घ्या. त्यात डीएससी हवं, म्हणजे एक बटण दाबलं की बोटीचा नंबर आणि जागा घेऊन संकटाची हाक आपोआप जाते; जीपीएस आतच असलेलं बरं, आणि पाण्यासाठी किमान आयपीएक्स ७ हवं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारं. बाकी रंगीत स्क्रीन वगैरे चोचले. ओल्या, थरथरत्या बोटांनी आवाजाची खुंटी फिरवता येते का, एवढं दुकानात बघा. हातातला पाच-सहा वॉटचा सेट जोडीला जरूर ठेवा, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. ऑनलाइन मिळणारे स्वस्त वॉकीटॉकी १५६.८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे चॅनल १६ वर, लावून "हाच मरीन रेडिओ" म्हणणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. त्यात डीएससी नसतं, पाणी शिरलं की खेळ खलास, आणि कायद्यातही ते बसत नाही.

कायद्याचं निघालंच आहे तर, परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी शाखा देते. सेट मंजुरी असलेला हवा. डीएससीसाठी नऊ आकडी एमएमएसआय नंबर, म्हणजे बोटीची रेडिओवरची ओळख, लागतो, भारतातल्या बोटींचा ४१९ ने सुरू होतो. तो सेटमध्ये टाकताना कागद समोर ठेवा. बरेच सेट एक-दोनदा नंबर घेतात आणि मग कुलूप लावतात.

अँटेना

"२५ वॉट म्हणजे किती किलोमीटर?" हा प्रश्न मला दर वेळी ऐकावा लागतो. व्हीएचएफ जवळपास सरळ रेषेत जातो, तेव्हा उत्तर वॉटमध्ये नाही, उंचीत आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१ ने गुणा. दोन मीटरवरची अँटेना साधारण सहा किलोमीटर 'बघते'. समोरची बोटही तेवढीच असेल तर दोन्ही मिळून बारा. पाच मीटरवर नेली तर तुमची एकटीची नऊ. म्हणून अँटेना बोटीवर जमेल तेवढी उंच आणि इतर धातूपासून दूर.

अँटेनाच्या डेसिबलच्या (डीबी) आकड्याला, म्हणजे गेनला, भुलू नका. जास्त गेनची अँटेना लाट आडवी चपटी करते. अठरा फुटी बोट डोलली की तो पट्टा एकदा आभाळात आणि एकदा पाण्यात. लहान बोटीला ३ डीबी पुरे.

केबल, आणि तिचं टोक

इथे सावकाश वाचा, कारण मी इथेच पडलो होतो.

केबल ५० ओहमची हवी. मी पहिल्यांदा शहरातल्या एका दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने टीव्हीची ७५ ओहमची केबल मोजून दिली. म्हणाला, "साहेब, केबल ती केबल." ती नाही चालत. आरजी-५८ बारीक आणि स्वस्त, पण दहा मीटरमध्ये साधारण २ डीबी खाते, म्हणजे २५ वॉटपैकी १६ वर पोचतात. आरजी-२१३ जाड आहे, वळवताना शिव्या घालाल, पण तेवढ्याच लांबीत २० च्या आसपास राहतात. पाच मीटरच्या आत काम होत असेल तर आरजी-५८ ला माझी हरकत नाही. त्यापुढे आरजी-२१३. आणि उरलेल्या केबलचं वेटोळं करून सीटखाली कोंबू नका, कापा.

आता कनेक्टर. पीएल-२५९ म्हणतात त्याला. मी तो माझ्या साध्या २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने लावला होता. मल्टिमीटर लावला, पीं वाजला, मी खूश. ट्रेलर त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत डहाणूला उतरला. किनाऱ्यापासून काही अंतरावर इंजिनच्या फिल्टरमध्ये पाणी आलं आणि ते बंद पडलं. रेडिओ चालू होता, आजूबाजूच्या मच्छीमारांची बडबड लख्ख ऐकू येत होती. मी हाका मारतोय, आणि कोणी उत्तर देईना. शेवटी मोबाइलला रेंज मिळाली आणि ओळखीच्या तांडेलाला, म्हणजे मच्छीमार बोटीच्या नाखव्याला, फोन केला. ओढून नेताना तो म्हणाला, "तुमचं नुसतं खर्रखर्र येत होतं, बोलणं काय कळत नव्हतं."

घरी येऊन कनेक्टर उघडला. मधल्या तारेवर कथलाचा गोळा टोपीसारखा नुसता बसलेला, आत धरलेलाच नाही. टीव्ही दुरुस्तीवाले ज्याला ड्राय सोल्डर म्हणतात तो हाच. बाहेरच्या बारीक तारांच्या जाळीला तर कथील लागलंच नव्हतं, कारण कनेक्टरचं धातूचं अंग सगळी उष्णता पिऊन बसलं होतं. घाटातल्या धक्क्यांनी उरलंसुरलं सुटलं. फसवणूक बघा: ऐकण्यासाठी सुटी तारसुद्धा पुरते, बोलण्यासाठी नाही. म्हणून 'ऐकू येतंय ना, मग रेडिओ ठीक आहे' हे वाक्य मी कोणाच्या तोंडून खपवून घेत नाही.

हे असं करा. आयर्न ८० ते १०० वॉटचं, जाड टोकाचं. गरम कमी असलं की माणूस ते जास्त वेळ टेकवतो, मग आतलं पांढरं प्लास्टिक वितळतं आणि मधली तार जाळीला जाऊन टेकते. जोरात तापवा, पटकन उचला.

सर्वांत आधी कनेक्टरची फिरती कॉलर केबलवर ओवा. हसू नका. सगळं सोल्डर झाल्यावर कॉलर टेबलावर पडलेली मी स्वतः दोनदा पाहिली आहे. मग आरजी-२१३ चं बाहेरचं काळं आवरण साधारण २८ मिलिमीटर सोला. त्यातली पुढची १६ मिलिमीटर मधली तार पूर्ण उघडी करा. जाळी पांढऱ्या प्लास्टिकच्या काठापासून एक-दोन मिलिमीटर मागे कापा, एकही केस पुढे राहता कामा नये. जाळीवर कथलाचा पातळ थर द्या, कनेक्टर आट्यांवर फिरवत घट्ट चढवा आणि कडेच्या भोकांतून जाळीला कथील पाजा. कथील भोकात वितळून आत शिरताना दिसलं पाहिजे, वर मणी होऊन बसलेलं नको. शेवटी टोकाची पिन. आरजी-५८ असेल तर मध्ये बारीक अडॅप्टर लागतो, बाकी कृती तशीच, फक्त मापं अडॅप्टरप्रमाणे घ्या.

तपासताना केबलचं दुसरं टोक मोकळं ठेवा. पुष्कळ अँटेना मल्टिमीटरला शॉर्टच दाखवतात आणि माणूस उगाच चांगला कनेक्टर कापून टाकतो. पिन आणि कॉलर यांच्यात काही वाजता कामा नये. टोकापासून टोकापर्यंत वाजलं पाहिजे, आणि केबल हलवत, वाकवत, ओढत असतानाही वाजत राहिलं पाहिजे. स्थिर ठेवून घेतलेली परीक्षा म्हणजे माझी पहिली परीक्षा.

वरचा जोड स्वतःलाच चिकटणाऱ्या रबरी टेपने ताणून गुंडाळा, खालून वर, कौलं घालतात तशी. साधी इन्शुलेशन टेप उन्हात सुटते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जोडावर अजिबात नको, ते तांबं खातं. केबल आत घेण्याआधी तिला खाली एक झोका द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल.

वीज आणि जागा

वायर थेट बॅटरीवरून, २.५ चौरस मिलिमीटरची, टिन केलेल्या तांब्याची, बॅटरीजवळ सेटसोबत आलेल्या रेटिंगचा फ्यूज. बोलताना सेट पाच-सहा अँपिअर ओढतो. पाच मीटरवर १ चौरस मिलिमीटरची वायर वापरलीत तर जाऊन-येऊन एक व्होल्ट वाटेत गळतो. होकायंत्रापासून सेट एक मीटर लांब, स्पीकरमध्ये चुंबक असतं. स्क्रू मारण्याआधी मागच्या बाजूला काय आहे ते बघा.

चाचणी

अँटेना किंवा डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा, ताकद जिरवणारा रेझिस्टर) जोडल्याशिवाय बोलण्याचं बटण दाबायचं नाही, सेट जळू शकतो. नाशकात मी ५० ओहमच्या डमी लोडवरच सेट तपासतो. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडे गेलेली ताकद किती परत येते त्याचं माप, किनाऱ्यावर, बोट मोकळ्यात असताना, १ वॉटवर बघतो. मीटर व्हीएचएफचा हवा. २७ मेगाहर्ट्झच्या सीबी रेडिओचा मीटर काहीतरी आकडा दाखवतो आणि तो खोटा असतो. १.५ च्या आत उत्तम, २ पर्यंत चालवून घेतो, ३ म्हणजे चौथा हिस्सा ताकद परत येतेय, कनेक्टर पुन्हा उघडा. आवाजाची चाचणी १६ वर नको, दुसऱ्या बोटीशी ठरवून कामाच्या चॅनलवर करा. ७० वर तर बोलायचंच नाही, तो डीएससीचा आहे. बोटीवरच्या प्रत्येकाला झाकणाखालचं डीएससीचं लाल बटण दाखवा, आणि तटरक्षक दलाचा १५५४ मोबाइलमध्ये ठेवा.

मीटर मी घरी ठेवत नाही, ट्रेलरच्या टूलबॉक्समध्ये असतो. घाट उतरल्यावर बोट पाण्यात सोडण्याआधी पुन्हा एकदा लावतो.