युनियनचे कॅप्टन, ऑफिसातले कॅप्टन : नव्या फर्स्ट ऑफिसरसाठी (एफओ, म्हणजे सहवैमानिक)

प्रवासी उड्डाणांवरचं लाइन ट्रेनिंग संपवून रोस्टरवर (ड्यूटीच्या वेळापत्रकावर) आलात की एक सीनिअर सांगेल, "युनियनच्या नादी लागू नकोस, सगळं राजकारण आहे." दुसरा म्हणेल, "चीफ पायलट झाला की माणूस विकला गेलाच." चीफ पायलट म्हणजे कंपनीच्या व्यवस्थापनात बसणारा कॅप्टन. मुंबई बेसवर मी दोन्ही खूप ऐकलं आहे. माझं मत असं, की माणूस कुठल्या खुर्चीत बसलाय हे पाहू नका. त्या खुर्चीपायी त्याचं काय जातंय आणि त्याला काय मिळतंय, ते पाहा.

युनियनचं काम म्हणजे पदरमोड. आमच्या कमिटीतले एक कॅप्टन सुटीच्या दिवशी रोस्टरचे प्रिंटआउट पसरून बसायचे. लाल पेनने पहाटेच्या लँडिंगवर खूण, बाजूला आधीच्या विश्रांतीचे तास. कुणा एफओला चौकशीचं पत्र आलं, की उत्तराचा मसुदा करायचे आणि त्या दिवशी बरोबर जायचे. ट्रेनरच्या जागा निघाल्या तेव्हा त्यांचं नाव मागे राहिलं. कारण कुणी लेखी दिलं नाही.

असल्या चिकाटीला फळ येतं. विश्रांतीच्या नियमांसाठी वैमानिक संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. विमान वाहतुकीची सरकारी नियामक असलेल्या डीजीसीएने जानेवारी 2024 मध्ये जाहीर केलेले एफडीटीएलचे (ड्यूटी आणि विश्रांतीच्या तासांच्या मर्यादांचे) नियम अखेर जुलै आणि नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 वर गेली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि तिला या नियमांतून काही काळ सूट मिळाली, तेव्हा त्या सवलतीला विरोध करायलाही संघटनाच पुढे आल्या.

म्हणून युनियनचं प्रत्येक भांडण सुरक्षेसाठीच असतं असं नाही. 2012 मध्ये एअर इंडियात इंडियन पायलट्स गिल्डचा 58 दिवसांचा संप झाला. त्यात ड्रीमलायनरचं ट्रेनिंग कुणाला आणि बढती कुणाची, हा कळीचा प्रश्न होता. करिअरसाठी भांडणं गैर नाही, पण ते तसं उघड सांगावं.

व्यवस्थापनाच्या कामासाठी ऑफिसात जाणाऱ्या कॅप्टनांपैकी काहींना भत्ता हवा असतो, काहींना रात्री घरी झोपायचं असतं. पण काही जण रोस्टर जिथे ठरतं तिथे बसायला म्हणूनच जातात. आमच्याकडे एका एफओने थकल्याचं कळवलं, तरी ड्यूट्या लावणारा क्रू शेड्यूलिंग विभाग ऐकेना. चीफ पायलटनी फोन स्वतःकडे घेतला, त्याला ड्यूटीवरून उतरवलं आणि फटीग रिपोर्ट (थकव्याची लेखी नोंद) भरायला लावला. युनियनचा माणूस त्या जागी फक्त विनंती करू शकला असता. नकार द्यायचा अधिकार खुर्चीला असतो आणि तो वापरणारे फार थोडे, हीच माझी खरी तक्रार आहे.

करार सही करण्याआधी 'मॅनेजमेंट केडर' (व्यवस्थापनातला वर्ग) हे शब्द शोधा. 2023 मध्ये एअर इंडियाने सीनिअर कमांडरना त्यात धरायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या दोन्ही वैमानिक संघटनांनी हरकत घेतली होती. मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणारा जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या 'कामगार' या व्याख्येत बसत नव्हता, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही बसत नाही. म्हणजे बढतीसोबत युनियनचं संरक्षणही हातचं जाऊ शकतं.

कन्फर्म झालात की शेड्यूलिंग कमिटीचं छोटंसं काम मागून घ्या. तोवर प्रत्येक ड्यूटीच्या रिपोर्टिंगची आणि सुटण्याची वेळ स्वतःच्या वहीत लिहीत जा. युनियनशी बोला किंवा चीफ पायलटशी, दोघंही आधी तेच विचारतात.